दिल्लीची बीएस फोर डिझेल एमएच १५ करून देणारा पेठ रोडचा एजंट : कामाला चोख, हिशोबाला मोघम

पेठ रोडला आरटीओच्या आजूबाजूला गाडीची कागदं करून देणारी जी दुकानं आहेत त्यातल्या एकाकडून मी दिल्ली पासिंगची २०१७ ची बीएस फोर डिझेल क्रेटा (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराच्या सरकारी नियमांचा टप्पा, आकडा मोठा तितका नियम कडक) नाशिकला, म्हणजे एमएच १५ वर, नावावर करून घेतली, त्याचा हा रिव्ह्यू. दुकानाचं नाव टाकत नाही कारण काही गोष्टी कौतुकाच्या आहेत आणि काही अजिबातच नाहीत, आणि नाशिक असून असून केवढं, उद्या परत त्याच काउंटरवर उभं राहायची वेळ येऊ शकते. मार्क पाहिजेच असतील तर कामाला साडेचार, हिशोबाला दोन, मिळून पाचपैकी सव्वातीन धरा.

आधी दिल्लीची गाडी का ते सांगतो, कारण प्रत्येकजण तेच विचारतो. सरळ आहे, स्वस्त मिळते. तिकडे आधी २०१५ ला एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) आणि मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी दिल्ली-एनसीआरमध्ये चालवायचीच नाही असं करून ठेवलंय, मग २०२५ च्या १ जुलैला तर अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही इथपर्यंत गोष्ट गेली, बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांतच ते थांबवलं, ऑगस्टमध्ये कोर्ट म्हणालं नुसत्या वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, आणि १७ डिसेंबरला परत म्हणालं की ही सवलत फक्त बीएस फोर आणि त्याच्या वरच्यांना, बीएस थ्रीवाल्यांना नाही. आता त्या गाडीमालकाचा विचार करा, दर सहा महिन्यांनी नियम इकडचा तिकडे. त्यात थंडीत हवा बिघडली की ग्रॅपची (प्रदूषण वाढेल तसे टप्प्याटप्प्याने लागणारे तिकडचे निर्बंध) तिसरी स्टेज लागते, म्हणजे बीएस थ्री पेट्रोल आणि बीएस फोर डिझेल कार रस्त्यावर आणायची नाही. ऐन लग्नसराईत गाडी पार्किंगमध्ये धूळ खात. माणूस वैतागून विकतोच.

आपल्याकडे तसलं काही नाहीये. खाजगी गाडी पंधरा वर्षं बिनधास्त, त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी रिन्यू होते, फक्त पर्यावरण कर भरायचा आणि रिन्यूअलची फी आता चांगलीच वाढलीये (कारला ५ हजार, २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारला १० हजार). आणि आमचा अंबडचा मेकॅनिक तर म्हणतो घ्यायची तर बीएस फोरच डिझेल घे भाऊ, बीएस सिक्सला सायलेन्सरमध्ये डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असतो, सिडको ते सातपूर असं रोज चार-पाच किलोमीटर चालवलं की तो नीट तापत नाही, काजळी जळत नाही आणि मग दिवा लागतो. बीएस फोरला बऱ्याच गाड्यांना ती भानगडच नाही. धूर जास्त सोडणारी गाडी सांभाळायला सोपी म्हणून भाव खाते, हे काही बरोबर नाही हे मलाही कळतं, पण बाजार असा आहे.

मेव्हणा गुडगावला असतो, त्याच्या ऑफिसमधल्याची गाडी होती, एकहाती वापरलेली, त्यामुळे गाडीची चिंता नव्हती. चिंता होती कागदांची.

तर एजंट. पहिल्या भेटीत मी आरसीचा फोटो दाखवायला लागलो तर त्याने फोन बाजूला सारला आणि विचारलं, काचेवरच्या स्टिकरचा फोटो आहे का? मी म्हटलं कुठलं स्टिकर. पुढच्या काचेवर आतून डाव्या कोपऱ्यात एचएसआरपीचं (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं) तिसरं स्टिकर असतं बघा, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. बीएस सिक्स असेल तर त्याच स्टिकरच्या वरच्या कडेला एक सेंटीमीटरची हिरवी पट्टी असते. मेव्हण्याकडून फोटो मागवला, नारिंगी, वर पट्टी नाही, म्हणजे डिझेल आणि बीएस सिक्स नाही. मग त्याने 'वाहन' या सरकारी साइटवर गाडीचं रेकॉर्ड उघडलं आणि उत्सर्जनाच्या रकान्यात भारत स्टेज चार लिहिलंय का ते पाहिलं, नोंदणीची तारीख पाहिली, आणि फायनान्सरचा रकाना पाहिला. हे सगळं त्याने चहा यायच्या आत केलं. माणसाला काम येतं हे मला तिथेच कळलं.

तारीख का बघितली ते समजून घ्या, कारण बीएस फोरबद्दल लोकांच्या डोक्यात जाम गोंधळ आहे. सुप्रीम कोर्टाने २४ ऑक्टोबर २०१८ ला सांगितलं होतं की १ एप्रिल २०२० पासून बीएस फोर गाडी देशात विकायची नाही आणि रजिस्टर करायची नाही. हे नव्या गाडीबद्दल. शोरूममधून पहिल्यांदा पासिंग होणाऱ्या गाडीबद्दल. जी गाडी त्याआधी कायदेशीर रजिस्टर झालीये ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे खुशाल जाऊ शकते, मालक बदलणं म्हणजे नवं रजिस्ट्रेशन नव्हे, आणि दुसऱ्या राज्यातून आणून नवीन नंबर घेतला तरी रेकॉर्डला पहिल्या नोंदणीची तारीख तीच राहते. लफडं होतं ते मार्च २०२० च्या शेवटच्या दिवसांत घाईघाईत विकलेल्या गाड्यांचं, लॉकडाऊन लागला होता आणि रजिस्ट्रेशन अडकलं होतं. म्हणून बीएस फोर लिहिलंय आणि तारीख एप्रिल २०२० नंतरची आहे असं दिसलं तर तिथे थांबून नीट चौकशी करायची. माझी २०१७ ची, त्यामुळे प्रश्न नव्हता.

अजून एक गंमत त्याच्याकडूनच कळली आणि नंतर मी खात्री करून घेतली. बीएस फोर सगळ्या देशात १ एप्रिल २०१७ ला लागू झालं, पण २०१० मध्येच ते तेरा शहरांत आधी आलं होतं, दिल्ली, मुंबई, पुणे वगैरे, आणि त्यात सोलापूरसुद्धा होतं, नाशिक नव्हतं. म्हणजे २०१२ ची तीच कंपनी तेच मॉडेल दिल्लीत बीएस फोर असेल आणि आपल्याकडे बीएस थ्री असू शकतं. नुसतं वर्ष बघून स्टेज ठरवू नका, रेकॉर्ड बघा.

आता कुठे बिनसलं ते. हाच माणूस ज्याला हे सगळं पाठ आहे, तो मला म्हणतो, दादा लवकर फाइल द्या, एप्रिलपासून बीएस फोरचं ट्रान्सफर बंद होणारे. मी म्हटलं कुठला जीआर, दाखवा. तर हसला, म्हणे ऐकलंय असं. हे मला पटलं नाही. माझ्या शेजारी एक निफाडकडचे काका बसले होते, पिकअपचं काम घेऊन आलेले, ते ऐकून खरंच घाबरले आणि तिथल्या तिथे ॲडव्हान्स काढून दिला. धंद्यासाठी घाई करवणं वेगळं आणि नसलेला नियम सांगणं वेगळं. याचे मार्क मी कापले.

कागदांचं मात्र पक्कं. आधी बोजा, म्हणजे गाडीवरचं लोन. मालकाने लोन केव्हाच फेडलेलं, फायनान्स कंपनीचं एनओसी पत्र हातात, त्यामुळे तो निवांत होता, पण रेकॉर्डला फायनान्सरचं नाव तसंच लटकलेलं. एजंट म्हणाला हे पत्र घरी फ्रेम करून लावा, फॉर्म ३५ भरून एचपी (रेकॉर्डवरची लोनची नोंद) कॅन्सल होऊन रेकॉर्ड साफ होत नाही तोपर्यंत दिल्लीवाले एनओसी देणार नाहीत. आणि तसंच झालं. त्या फायनान्स कंपनीने (मोठं नाव आहे, राहू द्या) मेव्हण्याला असं फिरवलं की विचारू नका, ब्रँच म्हणते हेड ऑफिस, हेड ऑफिस म्हणतं ब्रँच, पत्रावरची सही जुन्या मॅनेजरची, नवं पत्र आणा. सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथे, आरटीओत नाही. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने पैसे द्यायच्या आधी फायनान्सरचा रकाना रिकामा झालाय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

मग फॉर्म २८ म्हणजे दिल्लीची एनओसी. त्यावर गाडी कुठल्या आरटीओकडे चाललीये ते लिहिलेलं असतं, एजंटने आधीच बजावलं होतं की नाशिकच पाहिजे, नुसतं महाराष्ट्र म्हणून पुण्याचं किंवा मुंबईचं घेऊन येतील आणि मग बसा बोंबलत. शिवाय एनसीआरबीच्या (केंद्राची गुन्ह्यांची नोंद ठेवणारी संस्था) साइटवरून गाडी चोरीची नाही याचा रिपोर्ट. मालकी बदलाचे फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, नवीन नंबरसाठी फॉर्म २७, विमा, पीयूसी, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा. विकणाऱ्याच्या सह्या त्याने डबल करून घेतल्या, निळ्या पेनने, आरसीवरच्या सहीसारख्याच. चेसिस प्रिंट त्याच्या पोऱ्याने घेतला, सीटखालची मॅट उचलून, नंबर ओल्या फडक्याने पुसून, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासत. पहिला प्रिंट फेकून दिला कारण एक आकडा तीन आहे का आठ ते दिसेना. दुसरा भिंगाखाली धरून आरसीशी एकेक अक्षर जुळवला. हे काम लोक उरकून टाकतात आणि नंतर इन्स्पेक्शनला फाइल परत येते, इथे पहिल्या फटक्यात पास झालं.

पीयूसीचा किस्सा सांगायलाच पाहिजे. एजंटचा पोऱ्या म्हणाला गाडी आणायची गरज नाही, फोटो द्या, सर्टिफिकेट येतं. मी नाही म्हटलं. दहा वर्षं जुन्या होत आलेल्या डिझेलचा धूर मला खरंच बघायचा होता, कारण त्याच्यावर इंजिनाची तब्येत कळते. स्वतः गाडी सेंटरवर नेली. मुलाने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, इंजिन गरम होऊ दिलं आणि मला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडायला लावला, परत, परत. मागे काळा लोट निघाला आणि माझ्या पोटात गोळा आला, पण पुढच्या वेळी कमी, मग अजून कमी, आणि आकडा लिमिटच्या बराच खाली आला. बीएस फोर डिझेलला धुराच्या काळेपणाचं लिमिट १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५, बीएस सिक्सला ०.७. तुमच्या गाडीची स्टेज सेंटरवाल्याने चुकीची टाकली तर लिमिट पण चुकतं आणि मुदत पण, बीएस फोर आणि सिक्सला सर्टिफिकेट वर्षभर चालतं, जुन्यांना सहाच महिने. तेव्हा स्क्रीनकडे लक्ष ठेवा.

पैसे. इथे माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. एजंटने एक गठ्ठा आकडा सांगितला, सगळं धरून. सगळं म्हणजे काय तर सगळं. अहो पण कारच्या मालकी बदलाची सरकारी फी ३०० रुपये आहे, लोन चढवायचं असेल तर १५०० वेगळे, हे तर साइटवर दिसतं. बाकी जातो तो टॅक्स. महाराष्ट्रात नव्या डिझेल कारला दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात १४ टक्के वन टाइम टॅक्स आहे, बाहेरच्या राज्यातून आलेल्या जुन्या गाडीला मूळ किंमत आणि वय बघून तो कमी होत जातो, पण कमी म्हणजे फुकट नव्हे. दिल्लीत गाडी स्वस्त मिळाली म्हणून जो आनंद झालेला असतो त्याचा मोठा लचका इथे जातो. मी हटून बसलो की सरकारी पावत्या वेगळ्या आणि तुमची मजुरी वेगळी लिहून द्या, तेव्हा कुठे कागद आला, आणि त्या कागदावर मजुरी आधी मनात धरली होती त्यापेक्षा कमी निघाली. म्हणजे न मागणाऱ्याचं काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. टॅक्स मी स्वतः ऑनलाइन भरला, त्याला देऊन नाही.

विम्याबद्दल त्याचं म्हणणं, चालतंय, नंतर करा. नाही चालत. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. समोरच्याच्या नुकसानीचं कव्हर आपोआप पुढे जातं पण आपल्याच गाडीला ठोकलं आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असली की क्लेमला कात्री लागते. आणि त्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात.

विकणाऱ्यांसाठी पण एक, कारण दुकानात बसल्या बसल्या असे दोघे-तिघे भेटले ज्यांनी गाडी विकून वर्ष झालं आणि ई-चलान अजून त्यांच्याच मोबाइलवर येतायत. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. चलानचं सोडा, अपघात झाला तर नुकसानभरपाईला रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेलं तिथे उपयोगाचं नाही. डीलरला गाडी देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललाय, डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र पाहिजे आणि फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की पुढची विक्री होईपर्यंत गाडीची जबाबदारी डीलरची. डीलर अधिकारपत्र दाखवायला का कू करत असेल तर किल्ली देऊ नका.

नवीन नंबर आला, एचएसआरपी पाट्या बसल्या, काचेवरचं नारिंगी स्टिकर पण नवीन नंबरचं आलं. जुना फास्टॅग जुन्या मालकाने बंद करायचा आणि आपण नवीन नंबरवर नवा घ्यायचा, हे एजंट सांगायचं विसरला. हे राहिलं तर टोलला पिंपळगावला अडकाल. आणि ज्यांची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे आणि अजून जुन्याच पाट्यांवर फिरतायत त्यांनी ट्रान्सफरची फाइल लावायच्या आधी ते उरकावं, कारला ७४५ अधिक जीएसटी एवढंच आहे, त्याशिवाय मालकी बदल पुढे सरकत नाही.

मग एजंट करावा का? एमएच १५ ची गाडी एमएच १५ मध्येच घ्यायची असेल, बोजा नसेल आणि दोघांचे मोबाइल आधारला जोडलेले असतील तर अजिबात नको. माझ्या चुलतभावाने इंदिरानगरमध्ये शेजाऱ्याची वॅगनआर घेतली, दोघांनी घरी बसून ओटीपी टाकून फेसलेस अर्ज केला, स्मार्ट कार्ड पोस्टाने आलं. राज्यातल्या राज्यात टॅक्स परत लागत नाही, नंबर तोच राहतो, एजंटला द्यायला कामच उरत नाही. पण बाहेरच्या राज्याची, त्यातून दिल्लीची, त्यातून डिझेल असेल तर या माणसाची मजुरी वसूल आहे, नोकरी सांभाळून मला हे जमलं नसतं. फक्त जाताना पावत्या वेगळ्या मागा, पीयूसीला गाडी स्वतः न्या, आणि काहीतरी बंद होणारे असं म्हणाला तर आदेश दाखव म्हणा.

एक काम अजून बाकी आहे. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, इथली नोंदणी आणि इथे भरलेल्या टॅक्सची पावती जोडून तिकडे अर्ज करायचा. आमचा एजंट म्हणाला ते माझं काम नाही दादा, तिकडचा माणूस बघा. मेव्हण्याला परत मस्का मारणं चालू आहे. आणि हो, तो सारखा म्हणतो गाडी घेऊन ये एकदा गुडगावला, तर ते थंडीत काही होणार नाही. बीएस फोर डिझेलला ग्रॅप तीनमध्ये नंबर एमएच १५ असला काय आणि डीएल असला काय, एंट्री बंदच.